नीरजाची वर्गणी

धाड गावच्या वाचनालयात कार्डाचं मशीन आलं त्या दिवशी नीळकंठराव पाठकांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. मशीन म्हणजे काय, तळहाताएवढं काळं डबडं. पण अध्यक्ष वामनरावांनी ते बुलढाण्याहून तान्हं पोर आणावं तसं मांडीवर घेऊन आणलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चार्जर लावला आणि छाती फुगवून म्हणाले, "घ्या नीळकंठभाऊ, सुट्ट्या पैशाची कटकट मिटली. सभासदानं कार्ड लावाचं अन् पुस्तक घेऊन जाचं."

पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने चष्म्यावरून पाहिलं. "हे वाचनालय हाय का पेट्रोल पंप?" एवढं विचारून तो पुन्हा बाजारभावाच्या पानात शिरला.

सगळे हसले. नीळकंठराव हसले नाहीत. एक तर त्यांना हसू लवकर येत नसे. आणि दुसरं म्हणजे वामनरावांचं त्याआधीचं एक वाक्य त्यांच्या पोटात जाऊन बसलं होतं. मशीन ज्या बँकेचं, वाचनालयाचं खातंही त्याच बँकेत उघडावं लागणार होतं. जुन्या बँकेतलं खातं महिनाअखेर बंद.

"बंदच कराचं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मंग? दोन-दोन खाते कायले पाहिजेत? ऑडिटवाला डोकं खाते नुसतं."

"पण त्या खात्यात बाहेरगावहून वर्गणी येते."

"कोनाची येते?"

कोणाची येते हे वामनरावांना माहीत होतं आणि पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनाही. बाहेरगावहून एकटीचीच येत होती. पुण्याहून, नीरजाची. नीळकंठरावांच्या एकुलत्या एक मुलीची.

"तुमचीच पोरगी हाय ना," वामनराव उठता उठता म्हणाले. "सांगून द्या तिले. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे समजायचं तर नीळकंठराव समजून घ्यायला हवेत. त्याला फार वेळ लागत नाही. वडील गावात पूजा सांगत. मुलाला मंत्रांपेक्षा पोथीच्या बांधणीत जास्त रस. तो बुलढाण्याला जाऊन ग्रंथपालाची परीक्षा पास झाला, परत आला, वाचनालयाच्या खुर्चीत बसला आणि केस पांढरे झाले तरी तिथून उठला नाही. पगार असा की सांगणाऱ्याला लाज वाटावी आणि ऐकणाऱ्याला कीव यावी. संसार सुलभाबाईंच्या शिकवण्यांवर चालला. घरातली मोरी तुंबली तर आठवडा आठवडा तशीच राही, पण पुस्तकाची शिवण उसवली की संध्याकाळच्या आत मैद्याची खळ शिजलीच म्हणून समजा. आणि बोलण्याच्या बाबतीत देवाने या माणसाला हात आखडता घेऊनच दिलं होतं. "हं", "बरं", "बघू", "ठेवतो" या चार शब्दांवर त्यांनी लग्न केलं, निभावलं आणि मुलीचं कन्यादानही उरकलं.

मुलीशी मात्र त्यांचं मस्त जमायचं. तेही न बोलता. नीरजा शाळा सुटली की सरळ वाचनालयात यायची, दप्तर बापाच्या टेबलाखाली ढकलायची आणि कपाटाला टेकून बसायची. नीळकंठराव एक पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवायचे. दोन दिवसांनी ते परत यायचं. आवडलं असलं तर ती ते त्यांच्या हातात द्यायची, नसलं आवडलं तर टेबलावर आपटायची. मग ते दुसरं काढायचे. बारावीपर्यंत बापलेकीचा संवाद तो एवढाच, आणि तो दोघांनाही पुरून उरायचा.

मग ती पुण्याला शिकायला गेली. तिथेच नोकरी, तिथेच देवेश भेटला, लग्न झालं, गेल्या वर्षी छकुली झाली. भांडण नाही, तंटा नाही, रुसवा नाही. जावई सोन्यासारखा. नुसतं येणं कमी कमी होत गेलं. आधी दिवाळी आणि उन्हाळा, मग नुसती दिवाळी, मग "बघते हं आई."

फोन यायचा, नाही असं नाही. दर रविवारी न चुकता यायचा. पण तो सुलभाबाईंच्या फोनवर. मायलेकी तासभर बोलत. मिक्सर बिघडला, कामवाली आली नाही, छकुलीला दात आला. शेवटी नीरजा विचारायची, "बाबा काय करतात?"

"हे काय, पेपर वाचून राह्यले."

"बरं, विचारलं म्हणून सांग."

सुलभाबाई फोन ठेवून हाक मारत, "अहो, विचारलंय बरं का तुम्हाला." नीळकंठराव पेपराआडून म्हणत, "हं." शेजारच्या घरी फोडणी पडली आणि वासावर आपलं जेवण उरकलं, त्यातला प्रकार. पण तक्रार कोणाकडे करणार? स्वतःहून फोन करावा तर बोलायचं काय? आपल्याकडच्या बापांना ही एक खोडच आहे. मुलीशी बोलायला त्यांना काम लागतं. नुसतं "तुझी आठवण आली" म्हणून फोन करायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. आठवण मात्र येते. नीळकंठरावांना ती रोज शाळा सुटायच्या वेळी यायची. पोरांचा गलका रस्त्यावरून जायचा आणि हे पुस्तक हातात धरून दाराकडे बघत राहायचे.

तरी त्यांच्या वाट्याला एक गोष्ट होती, अगदी त्यांची स्वतःची. नोकरी लागल्याबरोबर नीरजाने पुण्याहून वाचनालयाची वर्गणी पाठवली होती. ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतच राहिली. वाचनालयाच्या जुन्या फोनवर बँकेचा मेसेज वाजायचा आणि त्यात नाव यायचं, नीरजा नीळकंठ पाठक. बाकी सगळीकडे तिच्या नावापुढे आता देवेशचं नाव लागलं होतं. या एका खात्यात अजून बापाचं होतं. नीळकंठराव चष्मा पुसून तो मेसेज दोनदा वाचत. मग पावती फाडत, वळणदार अक्षरात. त्यानंतर उठत आणि कपाटांमधून हिंडत.

वाचनालयात एक जुनी पद्धत होती. लांबच्या वाड्यावस्तीवरच्या सभासदाला पिकाच्या सोंगणी-कापणीच्या दिवसांत येणं जमलं नाही, तर त्याचं पुस्तक ग्रंथपालाच्या पाठीमागच्या फळीवर नावाची चिठ्ठी खोचून महिनाभर राखून ठेवायचं. त्या फळीवर नीरजाच्या नावाचं एक पुस्तक कायम असे. तिने कधी मागितलं नव्हतं. हेच तिच्यासाठी निवडायचे. महिना उलटला की ते परत कपाटात आणि पुढचा मेसेज आला की दुसरं फळीवर. दर वेळी नवंकोरं, चांगलं, लोक टपून बसलेले असतील असं.

कलाबाई टपलेल्याच असत. बालवाडीच्या निवृत्त बाई. गुडघे गेले पण वाचनाची भूक तशीच. बाजाराच्या दिवशी पिशवीत मेथी-वांगी घेऊन त्या वाचनालयात येत आणि त्यांची नजर पहिली फळीवर जाई.

"नीळकंठभाऊ, ते राखीव पुस्तक मले द्या ना. नीरू काय आज येऊन राह्यली का?"

"आली तर?"

"पाच सालापासून 'आली तर' म्हनून राह्यले तुमी," असं पुटपुटत त्या दुसरं पुस्तक घेऊन जात. वाचनालयाच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत नीळकंठरावांनी केलेला अन्याय तो हाच एक.

आणि बढाई मारली तीही एकदाच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून त्यांनी मागची खोली रंगवून घेतली होती. पण डॉक्टर पुण्याचे, दवाखाना पुण्याचा. सुलभाबाईच तिकडे गेल्या आणि नीळकंठराव ओल्या रंगाच्या वासात एकटे राहिले. त्याच आठवड्यात मेसेज आला. तेव्हा हा मुखदुर्बळ माणूस फोन घेऊन वामनरावांच्या दुकानापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "बघा. बाळंतीण आहे, तरी विसरली नाही."

"बापाची शिस्त हाय," वामनराव म्हणाले होते. त्या वाक्यावर नीळकंठरावांनी पुढे कित्येक दिवस काढले.

तर असं ते खातं आता बंद होणार होतं.

मशीन शिकवायला बँकेचा माणूस आला तेव्हा नीळकंठराव तोंड पाडून उभे होते. त्याने कार्ड कसं लावायचं ते दाखवलं, पिन कसा दाबायचा ते दाखवलं. नीळकंठरावांनी एकच प्रश्न विचारला.

"कार्ड इथंच आणावं लागतं का? म्हणजे सभासद पुण्याला असला तर?"

"इथंच लावावं लागेल काका. मशीन इथं म्हटल्यावर कार्ड इथंच यायला पाहिजे."

त्या क्षणापासून मशीनचे आणि नीळकंठरावांचे ग्रह जुळले. मऊ फडक्याने ते त्याला पुसू लागले. त्याला रेंज फक्त खिडकीशी मिळते हे त्यांनीच शोधून काढलं आणि तिथे एक स्टूल मांडलं. कलाबाईंनी पदराने मशीन झाकून, "बँकवाला म्हंते आकडा कोनाले सांगू नका," असं बजावत आपला आकडा मोठ्याने म्हणत म्हणत दाबला, तेव्हा तर नीळकंठराव चक्क हसले. म्हाताऱ्यांना वाटलं, यंत्रानं माणूस बदलला. यंत्राचा काय संबंध? त्यांच्या मनातलं गणित वेगळंच होतं. खातं बंद झालं की नीरजाचे पैसे परत जातील. पैसे परत आले की ती विचारेल. आईला वाचनालयातलं काही कळत नाही, म्हणजे बाबांनाच विचारावं लागेल. मग आपण सांगायचं, "आता कार्ड घेऊन यावं लागतं बेटा. नियम आहे." आणि नियम आहे म्हटल्यावर ती येईल. हे वाक्य त्यांनी पुस्तकांना कव्हरं घालता घालता किती वेळा म्हणून पाहिलं असेल, त्यांनाच ठाऊक.

म्हणून त्यांनी तिला आधी काहीच कळवलं नाही. वामनरावांनी विचारलं, "सांगितलं का नीरूले?" तर म्हणाले, "सांगतो."

महिना संपला, खातं बंद झालं. नव्या महिन्याचा पहिला आठवडाही सरला. मेसेज येणार नव्हताच. फोनही आला नाही.

रविवारी ते पेपर उघडून बसले आणि कान सगळा सुलभाबाईंकडे. नीरजा छकुलीच्या सर्दीबद्दल बोलली, नव्या पडद्यांबद्दल बोलली. "विचारलं म्हणून सांग," म्हणाली आणि फोन बंद झाला.

"आणखी काही म्हणाली का?" त्यांनी विचारलं.

सुलभाबाई चकित झाल्या. "आणखी काय म्हणणार? काऊन?"

"काही नाही."

पुढच्या रविवारीही तेच. नीळकंठरावांचं चित्त थाऱ्यावर राहिना. एकाचं पुस्तक त्यांनी दुसऱ्याच्या नावावर चढवलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. एकच विचार डोकं पोखरत होता. पैसे परत आले, तिने पाहिले आणि सोडून दिलं. म्हणजे आता तिला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे दर महिन्याला एकदा तरी तिला बाप आठवायचा, तेही संपलं.

शेवटी बाजाराच्या दिवशी भरदुपारी त्यांनी वाचनालयाचा फोन उचलला. बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला. गलक्यात कोणी ऐकणार नाही आणि आपला आवाज कापला तरी तिला वाटेल, गर्दीमुळे.

"हॅलो, नीरजा? मी वाचनालयातून बोलतोय."

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

बापाचा फोन आला म्हणजे घरात काहीतरी वाईट झालं असणार, एवढाच अर्थ पोरीला लागला होता. तिचं तरी काय चुकलं?

"आई बरी आहे. सगळं बरं आहे. मी वर्गणीचं सांगायला..."

"कसली वर्गणी?"

"वाचनालयाची. तुझी. जुनं खातं बंद झालं आपलं. आता कार्डाचं मशीन आलंय. तुझे पैसे परत आले असतील."

पलीकडे नीरजा हसली. वाईट नाही हसली, आपल्याच वेंधळेपणाला हसावं तशी हसली.

"अरे, ते अजून जात होते? बाबा, मी नोकरीला लागले ना, तेव्हा बँकेत लावून दिलं होतं. दर महिन्याला आपोआप जायचं. मी तर कधीच विसरून गेले. तुम्ही तरी सांगायचं, बंद करून टाकलं असतं."

"आपोआप?"

"हो, बँकच पाठवते. मला काहीच करावं लागत नाही."

बाहेर टोमॅटोवाला घसा फोडून ओरडत होता. नीळकंठरावांना वामनरावांचं दुकान आठवलं आणि आपण तिथे फोन दाखवत उभे होतो ते आठवलं. लाजेने कानाच्या पाळ्या तापल्या. पाच वर्षं एका बँकेच्या यंत्राने पैसे पाठवले आणि हे इकडे त्यात मुलीची माया वाचत बसले. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि एवढीशी गोष्ट वाचता आली नाही.

"हॅलो? बाबा? आवाज येतोय का?"

"बरं, ठेवतो," म्हणायची हीच वेळ होती. आयुष्यभर त्यांनी अशा वेळी तेच म्हटलं होतं. शब्द ओठांवरही आला होता. पण त्याच्याऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"मी दर महिन्याला तुझ्यासाठी पुस्तक काढून ठेवायचो."

"माझ्यासाठी? कशाला? मी कुठे तिथे असते?"

"मेसेज यायचा ना तुझ्या नावाचा. मला वाटायचं, तू आठवणीनं पाठवतेस."

पलीकडचं हसू थांबलं. नीळकंठराव घाबरले. आपण पोरीला दोष दिला की काय, असं वाटून ते घाईघाईने बोलत सुटले आणि त्या घाईत मनाशी घोकलेला नियमही त्यांनी स्वतःच मोडून टाकला.

"तू काही मनाला लावून घेऊ नको. कार्ड घेऊन तूच यायला पाहिजे असं काही नाही. माझ्या कार्डानं भरता येतं. मी भरून टाकतो, तुझं नाव कमी होऊ देत नाही. त्यासाठी येऊ नको. पण नीरू, तू ये ना. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय."

समोर कलाबाई कार्ड हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. पेपरवाल्या म्हाताऱ्यांनी पानं उलटणं थांबवलं होतं. भरल्या बाजारात ज्याला कोणी ऐकू नये असं वाटत होतं, त्याला सगळ्या वाचनालयाने ऐकलं.

"बाबा," नीरजा म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. कोणीतरी तिला मागून हाक मारत होतं. "मी ऑफिसात... आत्ता मीटिंग आहे. बघते हं मी. बघते."

फोन बंद झाला.

"बघते" या शब्दाचा भाव नीळकंठरावांना ठाऊक होता. सुलभाबाईंना दर सणाला तोच मिळायचा. त्यांनी फोन जागेवर ठेवला, कलाबाईंचं कार्ड घेतलं, खिडकीशी गेले आणि मशीन चालवलं. कलाबाईंनी त्या दिवशी फळीकडे पाहिलं नाही. पावतीची मात्र त्या बराच वेळ नीट घडी करत राहिल्या.

घरी आल्यावर नीळकंठरावांनी काही सांगितलं नाही. हातपाय धुतले आणि खुर्चीत पेपर उघडून बसले. सकाळी वाचून झालेलाच पेपर. आपण हे काय बोलून बसलो, तेही चार लोकांत, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि त्याच्या तळाशी एक वेडी आशा तरीही तगमगत होती, तिचा त्यांना जास्त राग येत होता. सुलभाबाई भाकरी थापत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"अगंबाई, आज कशी? आज काय रविवार आहे?" पिठाचा हात पदराला पुसत त्या म्हणाल्या. "हो, बरी आहे. हो, हे काय, घरीच आहेत. पेपर वाचून राह्यले." मग त्या थांबल्या. "काय? बरं... बरं." आणि फोन तसाच हातात धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"हं, विचारलंय ना, कळलं," नीळकंठराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"विचारलं नाही. फोन तुम्हालाच दे म्हणते."

"मला?"

"मग काय शेजारच्यांना? धरा लवकर, भाकरी करपून राह्यली माझी."

नीळकंठरावांनी फोन घेतला. कानाला लावला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा?" नीरजा म्हणाली. "काही काम नाहीये. आई बरी आहे, मी बरी आहे, सगळं बरं आहे. तुमच्याशीच बोलायचंय. वेळ आहे ना तुम्हाला?"

त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"बोल बेटा," ते म्हणाले. "मी रिकामाच आहे."